मार्क धरणार नाहीत

"तोकासाला शून्य?" लोसालिनीने विचारलं.

"अकरा आठवड्यांचं शून्य. सगळं नाही," मास्तर म्हणाले. "नीट बघ. सरासरी सेहेचाळीस आहे."

"तोकासाची सरासरी सेहेचाळीस."

"कागदावर तेवढीच येते, लोसा. मी काय पदरचे घालू?"

मुख्याध्यापक इलाइतिया मास्तर मास्क हनुवटीखाली ओढून चहात बिस्किट बुडवत होते. शाळा एप्रिलपासून बंद होती आणि आता ऑक्टोबर संपत आला होता. बाकं भिंतीला लावून ठेवली होती आणि खिडकीच्या फटीतून एक कोंबडी रोज येऊन कपाटाखाली अंडं घालत होती. ऑफिसात दोनच माणसं येत, मास्तर आणि लोसालिनी. आठवीचा वर्ग तिचा, एकतीस मुलांचा.

यादी त्या एकतीस जणांची होती. राजधानीकडची मोठी बोर्डिंगची शाळा दरवर्षी या शाळेतली दोन मुलं घेई, परीक्षेचे मार्क बघून. यंदा परीक्षाच रद्द झाली, तेव्हा त्यांनी कळवलं की तुमच्याकडे वर्षाचे जे काही मार्क असतील ते पाठवा. मास्तरांनी काय केलं, तर दर आठवड्याला घरोघर पाठवलेल्या अभ्यासाच्या कागदांचे मार्क काढले, बेरीज केली, भागाकार केला आणि नावं उतरवली. पहिला मायकेली. तो मास्तरांच्या बहिणीचा मुलगा. त्याचा एकही कागद कधी कोरा आला नव्हता, आणि त्यातली निम्मी उत्तरं मोठ्या माणसाच्या वळणदार अक्षरात असत. दुसरी दुकानदाराची मुलगी. तोकासा एकोणिसावी.

"मास्तर, आपण काय ठरवलं होतं?"

"काय ठरवलं होतं?"

त्यांनी हे इतक्या साधेपणाने विचारलं की तिला आधी थट्टाच वाटली. अकरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. ती नवीन होती तेव्हा वर्गात उभं कसं राहायचं इथपासून त्यांनी शिकवलं होतं, आणि थट्टा तर दोघांत रोजची. ती हसायला लागली. मास्तर हसले नाहीत.

ठरलं होतं ते असं. एप्रिलात शाळा बंद झाली त्या सोमवारी याच खोलीत मास्तर तिला म्हणाले होते, "पोरांना सांग, या कागदांचे मार्क धरणार नाहीत. नाहीतर आईबापच लिहून पाठवतील, आणि ज्यांना आईबाप नाहीत ती रडत बसतील. जमलं ते करा म्हणावं, नाही जमलं तर कोरं ठेवा." ते ऐकून तिला मास्तरांचा अभिमान वाटला होता. असा मुख्याध्यापक मिळायला भाग्य लागतं, असं ती घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली होती.

मग ती कामाला लागली. वरून येणारे कागद अशा भाषेत असत की मुलांच्या आधी आईबापच घाबरावेत. 'मागील घटक संदर्भास घ्या' म्हणे. कुठला मागील घटक? तो शाळेच्या कपाटात होता, कोंबडीच्या वरच्या फळीवर. म्हणून लोसालिनी प्रत्येक गठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिही. या आठवड्यात एवढं करायचं. त्याला साधारण इतका वेळ लागेल. अडलं तर मंगळवारी मी टाकीच्या टेकडीवर असेन, तिथे फोनला रेंज येते. आणि नाही जमलं तर कागद कोरा ठेव, का जमलं नाही ते खरं लिही, मार्क धरणार नाहीत. एकतीस मुलं, एकतीस चिठ्ठ्या, प्रत्येकीत नाव घालून. टेकडीवरून फोन लावला की पहिला प्रश्न "जेवलास का?" आणि मग गणित. नवरा सेमी म्हणायचा, "तुला पगार शिकवायचा आहे की पोटं मोजायचा?" ती म्हणायची, "उपाशी पोराला अपूर्णांक शिकवून बघ एकदा."

तोकासाची आई पश्चिमेकडच्या हॉटेलात कामाला होती. हॉटेल बंद पडलं, मधल्या रस्त्यावर पोलिसांचा नाका लागला आणि ती तिकडेच अडकली. घरात तोकासा आणि तिची म्हातारी आजी, जिला सगळं गाव बुबू म्हणे. तेरा वर्षांची पोर घर चालवत होती. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. पाढे मास्तर चुकतील, ती नाही चुकणार. तिचे कागद येत ते कधी काठोकाठ भरलेले, आणि कधी वर फक्त एक ओळ असलेले: 'मॅडम, आज काही केलं नाही. बुबूला खोकला होता. भरती ओसरली तेव्हा मी खेकड्यांना गेले. खरं लिहिलं म्हणून रागावू नका.' लोसालिनीने खाली लिहिलं होतं, 'खरं लिहिलंस म्हणून शाबास. बुबूला जप. पुढच्या आठवड्यात जमेल तेवढं कर.'

अशा त्या अकरा ओळी. मास्तरांनी त्या प्रत्येकीसमोर शून्य मांडलं होतं.

"मास्तर, तुम्हीच म्हणालात मार्क धरणार नाहीत."

"तेव्हा परीक्षा होणार होती."

"मग आता बोर्डिंगला तसं कळवा. मार्क नाहीत म्हणावं. मुलांना बोलावून घ्या, तोंडी विचारा, काहीही करा."

"छापील तक्ता आहे तो. रकाना रिकामा ठेवता येत नाही." मास्तरांनी कप खाली ठेवला. "आणि यादी गेली, लोसा. शुक्रवारीच."

गुरुवारी शाळा समितीची बैठक झाली, आंब्याच्या झाडाखाली, माणसामाणसात दोन हात अंतर ठेवून. तोवर यादी गावात फुटली होती. आईबाप चिडलेले होते, आणि चिडले ते बरोबरच होतं. एकाने लोसालिनीची चिठ्ठी जपून ठेवली होती. त्याने ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि विचारलं, "मार्क धरणार नाहीत असं इथे लिहिलंय. मग धरले कसे?"

लोसालिनी मास्तरांकडे बघत राहिली. आता ते बोलतील. म्हणतील की मीच सांगितलं होतं, बाईची चूक नाही. दोन वाक्यांचं काम होतं.

मास्तर घसा साफ करून म्हणाले, "मॅडमचा स्वभाव मायाळू आहे. मुलांना धीर द्यावा म्हणून त्यांनी लिहिलं असेल. शाळेने असं काही ठरवलेलं नव्हतं."

ती उभी राहिली. "मास्तर, एप्रिलात, ऑफिसात, तुम्ही मला—"

"लोसा," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "कुठे लिहिलंय का ते?"

कुठे लिहिलं असणार? त्यांचं बोलणं तोंडी होतं, वाऱ्यावर गेलं. तिचं मात्र दर आठवड्याला एकतीस वेळा कागदावर उतरलेलं होतं. समितीतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी मुलांचे कागद स्वतः भरून द्यायचे सोडून तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. एक बाई जाता जाता म्हणाली, "मॅडम, तुम्ही गोड बोलता हो. पुढच्या वेळी जरा कमी गोड बोला." लोसालिनीला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या दिवशी घरी येऊन तिने शिक्षण ऑफिसला पत्र लिहायला घेतलं. एप्रिलातला सोमवार, खोली, मास्तरांचे शब्द, जसेच्या तसे. अकरा वर्षं ज्याच्या हाताखाली काढली त्या माणसाविरुद्ध लिहायचं होतं, तरी निम्मं लिहून झालं. उरलेलं शनिवारी लिहीन म्हणाली, कारण शुक्रवारी गठ्ठे वाटायचे होते आणि जगात काहीही झालं तरी शुक्रवारी गठ्ठे जायलाच हवेत.

शुक्रवारी तिन्ही वाड्या फिरून ती परतली तेव्हा ओटीवर लाकडी परात पालथी घातलेली होती आणि सेमी सुस्त होऊन भिंतीला टेकला होता. त्याची जीभ जड झाली होती. यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेलं पेय पिऊन होते तशी.

"कोण आलं होतं?"

"मास्तर."

"कशाला?"

"माफीचा सोरो घेऊन आले होते." सेमी सरळ बसला. "मुळ्यांची ही एवढी जुडी. आत या म्हटलं तर आत येईनात. दाराशीच बसले, खाली मान घालून. एवढा मोठा माणूस, मलाच कसंतरी झालं."

लोसालिनीने पिशवी खाली ठेवली. "आणि तू घेतलंस?"

"मग काय करू? सोरो दारात आल्यावर परत पाठवू? माझ्या बापाने आयुष्यात कुणाची जुडी परत पाठवली नाही. घेतली, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या, कुटली आणि प्यायलो दोघं. वेगवेगळ्या करवंट्यांतून," तो घाईने म्हणाला, जणू तिला राग करवंट्यांचाच येणार होता.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, या घराला माझ्याकडून काही लागलं असेल तर पोटात घाला."

"काय लागलं ते बोलले?"

"ते कशाला बोलायला हवं? सोरोत तसं बोलतात का?"

"तोकासाचं नाव काढलं? यादीचं? एप्रिलचं?"

सेमी पालथी परात सरळ करायला लागला.

गावात लहान मूलही सांगेल की सोरो घेतला म्हणजे विषय मिटला. पुन्हा तो तोंडातून काढायचा नाही. काढला तर घराचा शब्द खोटा पडतो, आणि ज्या घराचा शब्द खोटा पडला त्याच्याकडे ना कोणी लग्नाचं बोलणं घेऊन येत ना मयताला बसायला. मास्तरांना हे चांगलं ठाऊक होतं. लोसालिनी शुक्रवारी घरी नसते हेही त्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांत त्यांनी तिचा एक शुक्रवार चुकलेला पाहिला नव्हता.

"फसवलं कुणाला? पोरांना," ती म्हणाली. "खोटं पाडलं कुणाला? मला. आणि माफी मागितली कुणाची? तुझी. तुझं काय गेलं होतं रे, सेमी?"

"तुझंच बरं बघितलं मी. वरच्या माणसाशी वैर घेऊन नोकरी करशील? मिटलं ते बरं झालं."

"मला विचारायचं तरी."

"दारात माणूस बसवून ठेवून तुला कुठे शोधत फिरू? तीन वाड्यांत?"

तिने निम्मं लिहिलेलं पत्र टेबलावरून उचललं आणि चुलीत घातलं. मास्तरांनी समितीसमोर तिचा गळा कापला तेव्हा तिला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं नवऱ्याच्या त्या टाळ्यांनी लागलं. परक्याने फसवलं तर माणूस घरी येऊन रडतो. घरच्याने फसवल्यावर कुठे जायचं? ती मागच्या अंगणात जाऊन कसावा सोलत बसली आणि चार माणसांना पुरेल एवढा सोलून झाला तरी सोलत राहिली.

शनिवारी सकाळी ती भावाच्या मळ्यावर गेली. "एक जुडी दे. चांगल्या जुन्या मुळ्यांची."

"कुणाला?" भावाने विचारलं.

"एका मुलीला."

भावाने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. बाईने एकटीने सोरो घेऊन जायची रीत नाही, पुरुष बरोबर लागतो. "सेमी कुठेय?" तो म्हणाला. ती म्हणाली, "त्याचा कोटा झालाय." भाऊ हसला नाही. मुळ्या उपटून, धुऊन, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने तिच्या हातात दिल्या.

तोकासाचं घर खाजणाच्या कडेला, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. बुबू जमिनीवर पाय पसरून चटई विणत होती. तोकासा मागे कपडे पिळत होती. मॅडमना बघितल्यावर ती एरवी धावत आली असती. आज तिने हातातला फ्रॉक पिळून पूर्ण केला, झटकला, दोरीवर टाकला, आणि मग येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

लोसालिनी दाराशीच बसली. जुडी समोर ठेवली. असल्या वेळी बोलायची भारदस्त वाक्यं पुरुषांना पाठ असतात, तिला एकही येत नव्हतं. तेव्हा ती जशी वर्गात बोलायची तशीच बोलली.

"बुबू, मी तोकासाला सांगितलं होतं की कोऱ्या कागदाचे मार्क धरणार नाहीत. एकदा नाही, दर आठवड्याला सांगितलं. ते धरले. तिने माझ्यावर विश्वास ठेवून खरं लिहिलं, म्हणून तिची जागा गेली. खोटं लिहिलं असतं तर मिळाली असती. ही माझी चूक आहे आणि मी तिची माफी मागायला आलेय. तुमची नाही, तिची."

बुबूने चटईवरचा हात थांबवला नाही. एक पात खाली, एक पात वर.

"मास्तरनेही सोरो केला म्हणे काल," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्या नवऱ्याने घेतला."

"घेतला."

"म्हणजे तुझं तोंड शिवलं." म्हातारीने जुडीकडे बघितलं, हात मात्र लावला नाही. "मुळ्या चांगल्या आहेत. उचल आणि घरी ने."

"बुबू—"

"मला शिकवू नकोस, मी शाळेत गेले नाही तरी अक्कल गहाण ठेवलेली नाही. मी ही जुडी घेतली, टाळ्या वाजवल्या, की माझंही तोंड शिवलं. मग या पोरीसाठी बोलणारं गावात राहिलं कोण? मास्तरने तुझं घर बंद केलं, आणि तू चांगुलपणाने माझं घर बंद करायला आलीस." तिने पहिल्यांदाच वर बघितलं. "माफी नाही मिळायची तुला. अजून नाही."

लोसालिनीला वाटलं होतं, म्हातारी शिव्या देईल किंवा रडेल. तिने खाली बघत मान हलवली.

"कागद आणलायस?"

"कागद?"

"मला लिहिता येत नाही. पोरीने लिहिलं तर म्हणतील पोरीने मनचं लिहिलं. तू लिही. माझ्या तोंडचं. शिक्षण ऑफिसला द्यायचं."

तोकासा आतून वही घेऊन आली, मधलं पान फाडून मॅडमच्या समोर ठेवलं, पेन ठेवलं, आणि परत चौकटीशी गेली.

बुबू विणता विणता सांगू लागली. नाव, गाव, नातीचं नाव, इयत्ता. लोसालिनी लिहीत गेली. "आता लिही. लोसालिनी मॅडमने माझ्या नातीला फसवलं."

पेन थांबलं.

"मॅडम," तोकासा म्हणाली, "आणि मास्तर?"

लोसालिनीने तिच्याकडे बघितलं.

"ती नाही सांगायची," बुबू म्हणाली. "तिच्या घराने ते काल पिऊन टाकलंय. आणि मास्तर माझ्याशी काही बोललेला नाही, मग मी त्याचं नाव कशावर घेऊ? मला ठाऊक आहे ते एवढंच की मॅडमने सांगितलं आणि ते खोटं निघालं. चौकशीला साहेब आला की तो विचारेल, मॅडम, तुम्हाला हे लिहायला कोणी सांगितलं. साहेबाला उत्तर द्यायचं की नाही ते तिने आणि तिच्या नवऱ्याने बघावं." ती थांबली. "नोकरी जाईल का गं तुझी?"

"जाऊ शकते."

"हं," बुबू म्हणाली. "लिही."

लोसालिनीने लिहिलं. बुबू म्हणाली, वाचून दाखव. तिने वाचलं. "'मॅडमच्या सांगण्यात चूक झाल्याने माझ्या नातीचं नुकसान झालं.'"

"मी काय म्हटलं होतं?"

"बुबू, अर्थ तोच आहे."

"मी काय म्हटलं होतं?"

लोसालिनीने ती ओळ खोडली. वर नव्या अक्षरांत, पोरांना चिठ्ठ्या लिहिताना काढायची तशी सुटी सुटी अक्षरं काढून, 'लोसालिनी मॅडमने माझ्या नातीला फसवलं' असं लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने खांद्याने पुसलं, कागदावर पडू नये म्हणून. पुढचं सरळ होतं. अकरा आठवडे, अकरा कोरे कागद, प्रत्येकावरचं कारण. नातीला तोंडी विचारा, तिला सगळं येतं. बुबूने दिव्याच्या काजळीत अंगठा बुडवला आणि मॅडमने दाखवलेल्या जागी दाबला.

मग म्हातारीने कागद नातीकडे दिला. तोकासाने तो उजेडात धरून वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत, काही घाई न करता. एका ठिकाणी थांबून मागे गेली, पुन्हा वाचलं.

"स्पष्ट आहे, मॅडम," ती म्हणाली.

तिने कागदाची चौपदरी घडी घातली आणि लोसालिनीच्या हातात दिली. ऑफिस शहरात होतं, बस सोमवारी सकाळी सातची, आणि त्या घरातून शहरात जाणारं दुसरं कोणी नव्हतं.